चौथी सीट

सकाळी सव्वाआठला डोंबिवली सोडणाऱ्या लोकलमध्ये माणसं एकमेकांचे गळे का धरत नाहीत? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. ऐन गर्दीत डब्यात चौरस मीटरमागे 14 ते 16 माणसं उभी असतात. एवढ्या जवळ एरवी आपण फक्त घरच्या माणसांना येऊ देतो. परका जवळ सरकला की मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग सावध होतो. 2009 मध्ये अमेरिकन संशोधकांनी एका बाईबद्दल लिहिलं होतं. तिचा हा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला होता आणि अनोळखी माणूस नाकासमोर येऊन ठाकला तरी तिला अवघडल्यासारखं होत नसे. आपला तर शाबूत आहे. तरी ठाण्यापर्यंत आपण कुणाच्या तरी कोपराखाली मान घालून जातो.

गर्दीवरच्या प्रयोगांत जॉन कॅलहून या संशोधकाचे उंदीर प्रसिद्ध आहेत. खायला-प्यायला मुबलक, पण जागा अपुरी. नर चवताळले, माद्यांनी पिलं टाकली. 1962 मध्ये हे छापून आलं आणि शहरांचंही असंच होणार, असं पुष्कळ जण धरून चालले. पण माणूस उंदरापेक्षा चिंपांझीच्या जवळचा. फ्रान्स द वाल यांनी नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयातले चिंपांझी पाहिले. हिवाळ्यात त्यांना आत कोंडावं लागे. तेव्हा भांडणं वाढत, पण फार नाही. त्यासोबत एकमेकांचे केस साफ करणं आणि नमतं घेणंही वाढे.

आता आपला तिघांचा बाक पाहा. चौथा येऊन उभा राहतो, बोलत नाही, नुसता बाकाच्या कडेकडे पाहतो. कडेचा माणूस मोबाइलमधून डोकं वर न काढता खिडकीकडे रेटतो, मधला रेटतो आणि चार बोटं जागा होते. चौथा एका मांडीवर टेकतो, दुसरा पाय पॅसेजमध्ये. उभ्या माणसाची बॅग चार हातांतून रॅकवर जाते. बायकांच्या डब्यात ‘कुठे उतरणार?’ एवढ्या दोन शब्दांवर सीटचा वारसा ठरतो, मटार सोलले जातात, हळदीकुंकू होतं. दसऱ्याला डब्याला तोरण लागतं. हे केस साफ करणंच आहे, असं मी पूर्ण आदराने म्हणतो.

आणि भजन! टाळ नसले तर पत्र्यावर ठेका. रॉबिन डनबर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवलं की मिळून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची वेदना सोसण्याची ताकद नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा वाढते. शरीरात एंडॉर्फिन स्रवत असावं, असा त्यांचा तर्क. उभ्याने घाटकोपर गाठणाऱ्याला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

पण ज्या उत्क्रांतीने टोळीतली माया दिली, तिनेच टोळीबाहेरच्याबद्दलचा संशयही दिला. रोजच्या सोबत्यांचा ‘ग्रुप’ दारात उभा राहिला की दिवा स्टेशनवरच्या माणसाला पाय ठेवायला जागा मिळत नाही. आत भजन रंगलेलं असतं आणि बाहेर कुणीतरी तिसरी गाडी सोडत असतो. 2 जानेवारी 2015 ला गाड्या रखडल्या आणि दिव्यात लोक रुळांवर उतरले, दगडफेक, जाळपोळ झाली. तेव्हा ‘लोक असे कसे बेभान होतात’ म्हणून हळहळणाऱ्यांचा मला राग आला होता. हेच लोक रोज इतकं सोसतात कसे, हे कुणी विचारलं नव्हतं.

या सोसण्याचं कौतुक ‘मुंबई स्पिरिट’ म्हणून होतं ते मला सहन होत नाही. शरीर जुळवून घेतं ते फुकट नाही: रक्तदाब, तुटक झोप, घरी पोचल्यावर पोरावर निघालेला आवाज. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2022 मध्ये पूर्ण झाली. तोवर कल्याणपलीकडे इमारती उभ्या राहत गेल्या आणि गर्दी पुन्हा दारापर्यंत आली. 9 जून 2025 ला सकाळी मुंब्र्याच्या वळणावर विरुद्ध दिशांच्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं रुळांवर पडली. त्यातली काही घरी परतली नाहीत. त्यांच्यापैकी कुणीही जुळवून घेण्यात कमी पडलं नव्हतं.