संगणकातला नाखवा

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना मी दरवर्षी चार शब्द फळ्यावर लिहितो. तालीम, खुलासा, शिकस्त आणि राजीनामा. मुले खूश होतात, कारण चारही शब्द त्यांच्या घरातले. मग मी मराठी अर्थ सांगतो आणि वर्गात कुजबुज सुरू होते. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत पहिलवानांचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव, मराठीत मात्र माणूस प्रयत्नांची शिकस्त करतो. आणि उर्दूतला राजीनामा दोन पक्षांमध्ये समझोता घडवतो, मराठीतला नोकरी सोडायला लावतो. शब्द एकच, पण घर बदलले की त्याचे काम बदलते.

हे सगळे आज आठवायचे कारण घरचा संगणक आहे. त्याच्या प्रोसेसरचा वेग आटोक्यात ठेवायची व्यवस्था मी या उन्हाळ्यात बसवली. त्या कामात मला असाच एक दोन घरांचा शब्द भेटला.

आमचे घर दोन खोल्यांचे. संगणक पुढच्या खोलीत आहे आणि अम्मीचा पलंगही तिथेच. इशाची नमाज झाली की ती आडवी होते आणि फजरच्या बरीच आधी उठते. तिची झोप मोजकी. माझे सराव-पत्रिका तयार करायचे काम नेमके त्याच वेळेत चालते, कारण दिवसभर शाळा असते. खानदेशातला मे महिना, रात्री अकरालाही भिंती तापलेल्या, आणि त्यात संगणकाच्या पंख्याची घरघर. अम्मी एकदा म्हणाली, “बेटा, तेरी मशीन रातभर हांपती है.” तक्रारीचा सूर नव्हता. पण तिच्या तोंडून एवढे ऐकल्यावर मुलाने काहीतरी करायला हवे.

आधी सोपे उपाय केले. डबा उघडून धूळ काढली, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट बदलली. आवाज थोडा कमी झाला, गेला नाही. मग मी आत काय चालले आहे ते पाहू लागलो.

हा संगणक जुना आहे, कोअर टू ड्युओ ई 7500. एक इंटरनेट कॅफे बंद होताना तिथून घेतलेला. त्यावर लिनक्स आहे. या प्रोसेसरचा सर्वांत जास्त वेग 2.93 गिगाहर्ट्झ आणि सर्वांत कमी 1.6. म्हणजे त्याला हळू चालता येते. कॅफेवाल्यांनी मात्र त्याला कायम वरच्या वेगावर ठेवले होते. दर तासाला नवे गिऱ्हाईक बसणार असेल तर ते योग्यच. माझ्याकडे तो रात्री दोन-दोन मिनिटे नुसता वाट पाहत बसतो, मी पुढचे वाक्य सुचायची वाट बघत असतो म्हणून. तेवढ्यासाठी 2.93 कशाला?

वेग कमी केला की उष्णता का कमी होते, हे शाळेच्या विज्ञानात बसेल इतके सोपे आहे. प्रोसेसरमधले लक्षावधी सूक्ष्म स्विच दर ठोक्याला चालू-बंद होतात. त्यासाठी लागणारी शक्ती ठोक्यांच्या संख्येच्या, म्हणजे वारंवारितेच्या, प्रमाणात वाढते. आणि व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. खरी गंमत या वर्गात आहे. समजा वेग निम्मा केला आणि त्यामुळे व्होल्टेज 1.2 वरून 1.0 वर आणता आले. शक्ती मूळच्या साधारण 35 टक्क्यांवर येते. काम संपायला दुप्पट वेळ लागला तरी स्विचवर खर्च होणारी एकूण ऊर्जा सुमारे 30 टक्के वाचते. व्होल्टेज तेवढेच ठेवून नुसता वेग कमी केला असता, तर काम लांबले असते आणि ही बचत शून्य झाली असती. म्हणून वेग आणि व्होल्टेज दोन्ही एकत्र उतरवणारी सोय प्रोसेसरमध्येच असावी लागते. इंटेलने ती ‘स्पीडस्टेप’ या नावाने 2000 साली लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये आणली. पुढे ती टेबलावरच्या संगणकांतही आली. बायॉसमध्ये ती बंद असेल तर पुढचे काहीच करता येत नाही, म्हणून सुरुवात तिथून करायची.

सोय प्रोसेसरची, पण केव्हा चढायचे आणि केव्हा उतरायचे हे ठरवणारा कोणीतरी लागतो. लिनक्समध्ये त्याला ‘गव्हर्नर’ म्हणतात. मराठी वाचकाला इथे राज्यपाल आठवेल. पण हा गव्हर्नर वाफेच्या इंजिनातून आला आहे. जेम्स वॅटने 1788 साली इंजिनावर फिरणारे दोन गोळे बसवले. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप आवळली जाई. वेग मंदावला की झडप उघडे. त्या यंत्रणेचे नाव गव्हर्नर. शब्दाचे मूळ आणखी मागे ग्रीक भाषेत आहे, अर्थ जहाजाचे सुकाणू धरणारा. आपल्या किनाऱ्यावरचे सुकाणू अरबी ‘सुक्कान’पासून आले आणि कोळ्यांचा नाखवा फारसी ‘नाखुदा’पासून. तेव्हा मी घरात या गव्हर्नरला नाखवा म्हणतो. वारा पाहून शीड सोडणारा आणि आवळणारा.

लिनक्समध्ये असे अनेक नाखवे आहेत. ‘परफॉर्मन्स’ कायम वरच्या वेगावर ठेवतो. ‘पॉवरसेव्ह’ कायम खालच्या वेगावर. ‘ऑनडिमांड’ कामाचा भार पाहतो आणि तो ठराविक मर्यादेपलीकडे गेला की एकदम वरच्या वेगावर उडी घेतो. हा 2004 पासून आहे. ‘कन्झर्व्हेटिव्ह’ तेच करतो, पण पायरी-पायरीने. 2016 मध्ये आलेला ‘शेडयुटिल’ वेगळा भार मोजत बसत नाही. कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा हे ठरवणारा जो शेड्युलर आत आधीपासून असतो, त्याच्याकडूनच तो माहिती घेतो.

आता तो दोन घरांचा शब्द. धाकट्या भावाकडे आठव्या पिढीच्या आय-5 प्रोसेसरचा लॅपटॉप आहे, तोही लिनक्सवर. तो म्हणाला, “भाईजान, माझ्याकडे पहिल्या दिवसापासून पॉवरसेव्ह आहे आणि काही हळू चालत नाही. तुम्हीही तेच लावा.” मी आधी त्याचा लॅपटॉप मांडीवर घेतला. पॉवरसेव्हच होते. वेगाचा आकडा मात्र 400 मेगाहर्ट्झपासून 3.4 गिगाहर्ट्झपर्यंत वरखाली होत होता. खालच्या वेगावर खिळलेला नव्हताच.

कारण त्याच्या लॅपटॉपमध्ये नाखव्यांना हुकूम देणारा ड्रायव्हर वेगळा आहे. ‘इंटेल पीस्टेट’ त्याचे नाव, 2013 पासून लिनक्समध्ये आहे. त्याच्या घरात फक्त दोनच नाखवे, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. आणि तिथल्या पॉवरसेव्हचा अर्थ ‘काम पाहून वेग ठरव, पण वीज जपून’ असा आहे. नव्या प्रोसेसरमध्ये तर बराचसा निर्णय प्रोसेसर स्वतःच घेतो. माझ्या जुन्या संगणकावर ‘एसीपीआय सीपीयूफ्रेक’ हा ड्रायव्हर आहे आणि त्याच्या घरात पॉवरसेव्ह म्हणजे अक्षरशः तळाचा वेग. भावाचा सल्ला त्याच्या घरात खरा होता, माझ्या घरात त्याचा अर्थ शिकस्तीसारखा उलटला असता.

म्हणून मी तिन्ही पर्याय मोजून पाहिले. परीक्षेला घेतली चाळीस पानांची उर्दू सराव-पत्रिका, नस्तालिक फॉन्टमधली. नस्तालिक लिहिताना अक्षर शेजाऱ्याप्रमाणे आकार बदलते आणि शब्द तिरका खाली उतरत जातो. संगणकाला प्रत्येक शब्दासाठी हा सगळा हिशेब करावा लागतो, त्यामुळे देवनागरीपेक्षा त्याचा घाम जास्त निघतो. त्या फाइलची पीडीएफ बनवायला परफॉर्मन्सवर 21 सेकंद लागले, ऑनडिमांडवर 22 आणि पॉवरसेव्हवर 36. नुसते टायपिंग चालू असताना रात्रीचे तापमान परफॉर्मन्सवर 58 अंश, ऑनडिमांडवर 51, पॉवरसेव्हवर 50. म्हणजे पॉवरसेव्हने एका अंशासाठी माझे 14 सेकंद घेतले असते. मी ऑनडिमांड लावला.

लावायची रीत अवघड नाही. ‘सीपीयूपॉवर’ नावाचे साधन बसवायचे. त्याला माहिती विचारली की ड्रायव्हर कोणता, उपलब्ध गव्हर्नर कोणते आणि सध्याचा वेग किती हे तो सांगतो. ड्रायव्हरचे नाव सर्वांत आधी वाचायचे. मग एका आदेशात सगळ्या कोअरना हवा तो गव्हर्नर देता येतो. आत फाइलींमध्ये वेग किलोहर्ट्झमध्ये लिहिलेला असतो, म्हणून 1600000 असा आकडा दिसला तर घाबरायचे नाही, तो 1.6 गिगाहर्ट्झच. हा बदल संगणक बंद केला की पुसला जातो. रोज हवा असेल तर सुरू होताना तोच आदेश आपोआप चालेल अशी एक छोटी सर्व्हिस लिहून ठेवावी लागते. मी चार ओळींची फाइल केली आणि दोनदा संगणक बंद-चालू करून खात्री केली.

ज्यांच्याकडे विंडोज आहे त्यांना पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरचा किमान आणि कमाल टक्का दिसेल. किमान टक्का 100 असेल तर तो खाली आणा, वेगाला उतरायला जागा मिळेल. उन्हाळ्यात लॅपटॉप फारच तापत असेल तर कमाल 99 करून पाहा. सहसा त्याने टर्बो थांबतो आणि पंखा शांत होतो. नव्या लिनक्स लॅपटॉपमध्ये सेटिंग्जमधले तीन पर्याय पुरे आहेत, आदेशांची गरज नाही.

विजेचे बिल यातून उतरेल अशी आशा कोणी धरू नये. समजा 8 वॅट वाचले आणि संगणक रोज चार तास चालला, तर महिन्याला 960 वॅट-तास होतात. एक युनिटही नाही. मॉनिटर, डिस्क, मदरबोर्ड आपापली वीज खातच राहतात. मिळते ते दुसरेच. डबा कमी तापतो, पंखा हळू फिरतो, आणि जुन्या यंत्राचे आयुष्य उन्हाळ्यात उगाच भाजले जात नाही.

आमच्याकडे आता रात्री पंख्याचा आवाज पीडीएफ बनवताना तेवढा चढतो आणि लगेच उतरतो. मोठ्या फाइलींची पीडीएफ मी फजरनंतर बनवतो, अम्मी तेव्हा जागी असते. भावाने त्याचा पॉवरसेव्ह तसाच ठेवला आहे आणि मी त्याला तो बदलायला सांगितलेले नाही. त्याला एवढेच सांगितले की पुढच्या माणसाला सल्ला देण्याआधी त्याचा ड्रायव्हर विचार.