शरीररचनेचे पुस्तक कोणासाठी वाचायचे?

नर्सिंग, डी. फार्म. किंवा लॅब टेक्निशियनला नंबर लागला की आपली मुले पहिला प्रश्न विचारतात, "ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीला कुठलं पुस्तक घ्यायचं?" उत्तर ठरलेले असते. सिनियरने सांगितलेले, परीक्षेत नेमके येणारे, पातळ गाइड. धाराशिवमध्ये २०२२-२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. आरोग्याच्या क्षेत्रात आपल्या वस्त्यांमधून जाणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढणार आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर सिनियरवर न सोडता आम्ही अभ्यासिकेत बसून एक पुस्तक पारखायला घेतले.

पुस्तक आहे ओपनस्टॅक्सचे 'ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजी'. अमेरिकेच्या राइस विद्यापीठाच्या या प्रकल्पाने ते २०१३ साली काढले आणि २०२२ साली दुसरी आवृत्ती आणली. २८ प्रकरणे, हजाराहून जास्त पाने, आणि मोबाइलवर किंमत शून्य. परवाना असा की श्रेय देऊन कोणीही ते छापू शकतो, वाटू शकतो, भाषांतरही करू शकतो.

आधी हे स्पष्ट करू की हा विषय आंबेडकरी चळवळीचा का आहे. जातीव्यवस्थेचा सगळा दावा शरीरावर उभा आहे. कोणाचा स्पर्श चालतो, कोणाची सावली विटाळते, कोणाचे रक्त 'शुद्ध', हे सगळे शरीराबद्दलचेच बोलणे आहे. वासेट्ठ सुत्तात तथागत दोन ब्राह्मण तरुणांना हेच समजावतात की गवत, किडे, पशू, पक्षी यांच्यात जन्मजात वेगळ्या खुणा दिसतात, माणसांच्या डोळ्यांत, कानांत, हातापायांत तशी खूण सापडत नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात तर नाकांच्या मोजमापांची आकडेवारी तपासून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे आहेत हा समज खोडून काढला. शरीराचे शास्त्र त्यांनी तज्ज्ञांवर सोडून दिले नाही. ते स्वतः वाचले आणि वापरले.

दुसरी गोष्ट. १८३६ साली कलकत्त्यात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले तेव्हा ती मोठी घटना ठरली, कारण मृतदेहाला हात लावणे विटाळाचे होते. त्याच काळात गावोगावी मेलेली जनावरे ओढण्याचे आणि सोलण्याचे काम आपल्या पूर्वजांवर लादलेले होते. काळीज कुठे, गुर्दे कुठे, फोपसे कसे फुगते, वजडी किती लांब, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. आपल्याच जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये या अन्नाची नोंद केली आहे. त्या लादलेल्या कामाचा गौरव आम्हाला करायचा नाही. ते काम सोडा हे बाबासाहेबांनीच सांगितले आणि आपण ते सोडले. पण ज्ञान हातात असूनही पोथी दुसऱ्याकडे राहिली, हे विसरायचे नाही. आता पोथी फुकट मिळते आहे. ती कशी वाचायची हा प्रश्न उरतो.

म्हणून आम्ही पुस्तकाला परीक्षेचा नाही, वस्तीचा प्रश्न विचारला. भूम, वाशी, कळंबकडून दरवर्षी कोयते ऊसतोडीला जातात. पाळीत खाडा झाला की मजुरी कापली जाते, म्हणून 'पिशवी' काढून टाकलेल्या बायांची चर्चा शेजारच्या बीडमधून देशभर झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे २०१९ साली आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अशी बाई आपल्या नर्स झालेल्या पोरीला विचारते, "पोरी, पिशवी काढल्यापासून हाडं का दुखत्यात?" उत्तर देता आले पाहिजे.

ओपनस्टॅक्सचे पुस्तक इथे टिकते. २७ वे प्रकरण गर्भाशय आणि अंडाशय वेगळे करून दाखवते, १७ वे संप्रेरके समजावते, ६ वे हाडांवर संप्रेरकांचा परिणाम सांगते. तिन्ही जोडून वाचले की कळते: फक्त गर्भाशय काढले तर अंडाशय काम करत राहतात, अंडाशयही काढले तर इस्ट्रोजेन एकदम घटते आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात. म्हणजे त्या बाईला विचारायचा पहिला प्रश्न, "नेमकं काय काय काढलं? कागद आहेत का?" पातळ गाइडमध्ये पाच मार्कांची आकृती मिळते, हा प्रश्न मिळत नाही.

उणिवाही आहेत. पुस्तक अमेरिकी विद्यार्थ्यासाठी लिहिलेले आहे. उन्हात बारा तास मोळ्या उचलणारे शरीर त्याच्या डोळ्यासमोर नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. रक्ताचे १८ वे प्रकरण शिकताना हा आकडा आपल्यालाच शेजारी लिहावा लागतो. आजार शिकायला 'रॉस अँड विल्सन' जास्त सोयीचे आहे, कारण प्रत्येक संस्थेसोबत तिचे आजार सलग येतात. पण ते विकत घ्यावे लागते.

सर्वात मोठी अडचण भाषेची. मराठी माध्यमातून आलेली मुलगी 'पॅन्क्रियाज' पाठ करते, कोशात 'स्वादुपिंड' सापडते, आणि घरी दोन्ही शब्द कोणाला कळत नाहीत. त्यात आपल्याकडे 'काळीज' म्हणजे मटणाच्या दुकानात यकृत आणि बोलण्यात हृदय. रुग्ण "काळजात दुखतंय" म्हणाला तर नर्सने बोट ठेवून जागा विचारलीच पाहिजे.

तर आमचा निष्कर्ष असा. ओपनस्टॅक्स पायाभूत पुस्तक म्हणून घ्या, आजारांसाठी ग्रंथालयातले रॉस अँड विल्सन वापरा, गाइड फक्त परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडा. प्रत्येक अभ्यासिकेने एक वही ठेवावी: इंग्रजी शब्द, मराठी शब्द, वस्तीतला शब्द. एक प्रकरण संपले की एकाने ते आपल्या आईला समजावून सांगावे. आईला कळले तरच प्रकरण संपले असे धरावे. आणि परवाना मोकळा असताना या पुस्तकाचे मराठी करायला कोणाच्या परवानगीची वाट पाहायची? २८ प्रकरणे आहेत. जिल्ह्यातल्या २८ अभ्यासिकांनी एकेक घेतले तरी काम उभे राहते. आम्ही २७ वे घेतले आहे. उरलेली कोण घेणार?

जय भीम!