पुराची रेघ

कपाटावरची ती रेघ जमिनीपासून 4 फूट 2 इंचांवर होती. वरचं लाकूड मधाच्या रंगाचं, खालचं काळपट, आणि दोन्हींच्या मधे पाणसळ लावून आखावी तशी सरळ सीमा. डाव्या दारावर, रेघेच्या किंचित वर, आजोबांनी खिळ्यानं कोरलेलं होतं: 12-7-61. नदीकाठच्या पेठांत ज्यांची घरं होती, त्यांना ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तो दिवस. ती रेघ आणि ती तारीख घासायच्या मशीननं वीसेक मिनिटांत नाहीशी केली. या गोष्टीला आता वर्ष होईल, पण मनातून ती जात नाही.

कपाट नारायण पेठेतल्या वाड्यातलं, आईच्या माहेरचं. वाडा पुनर्विकासाला गेला. मामाचा फोन आला, की भंगारवाला सगळ्या लाकडी सामानाचे मिळून 6,000 रुपये देतोय, कुणाला काही हवं असेल तर रविवारच्या आत न्या. कोथरूडच्या तळमजल्यावरच्या आमच्या घरामागे दोन खाटा मावतील एवढी बाग आहे. टेम्पो केला आणि आणता येईल तेवढं आणलं. कपाट, नवारीचा पलंग, जिन्याचा कठडा, आजीच्या शिलाई मशीनचा ओतीव लोखंडी सांगाडा, एक दगडी डोणी आणि तांब्याचं घंगाळ.

पुण्यात हे नवं नाही. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी पाडलेल्या घरांच्या वस्तू रस्त्याकडेला मांडलेल्या असतात. मुंबईत चोरबाजार आहे, जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या बाजारात जुन्या लाकडाच्या रांगाच रांगा आहेत. पुण्याच्या दिनकर केळकरांनी तर अडकित्ते, दिवे, कोरीव दारं अशा घरगुती वस्तू जमवून मुलाच्या नावानं अख्खं संग्रहालय उभं केलं. घरातली वस्तू जपण्यासारखी असते हे या शहराला माहीत आहे.

बाकीच्या सामानाचं काम झटपट झालं. मशीनच्या सांगाड्यावर पलंगाच्या फळ्या बसवल्या आणि बागेत चहाचं टेबल तयार झालं. पायाखालची जाळी अजून हलते. पाहुण्यांची मुलं खुर्चीवर बसली की पहिले पाय तिच्यावरच जातात. पलंगाच्या उशाकडची कोरीव बाजू पाठ म्हणून लावून त्याचाच बाक केला. कठड्यावर आता गोकर्णीचा वेल चढलाय. उघड्यावर लाकूड टिकेल का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं. साग असेल तर टिकतं. सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागापासून बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज 1817 सालचं, आणि ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतंय. पाय तेवढे मातीत रोवायचे नाहीत. खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवायचा, कारण लाकूड पाणी पितं ते कापलेल्या टोकातून. प्लायवूड बागेत ठेवूच नये. एका पावसाळ्यात त्याचे पदर सुटतात.

घंगाळाच्या बाबतीत चूक झाली. त्यात पाणी भरून कमळ लावलं, डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडले. चौथ्या दिवशी मासे पोट वर करून तरंगत होते. तांबं पाण्यात उतरतं आणि माशांना ते विषच असतं, हे नंतर कळलं. कमळ आणि नवे मासे दगडी डोणीत गेले, तिथे ते छान आहेत. जुनी भांडी बागेत मांडणाऱ्या प्रत्येकाला मी आता सांगते, बुडाला भोक पाडा, नाहीतर आठवड्यातून एकदा पाणी ओतून भांडं कोरडं करा. डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्याला गटार लागत नाही, असलंच स्वच्छ साठलेलं पाणी लागतं.

राहिलं कपाट.

त्यासाठी बोलावलेले मिस्त्री मुरलेले होते, तीस वर्षं हेच काम केलेले. त्यांनी कपाटाभोवती फिरून पाहिलं, बोटाच्या पेरानं दार ठोकलं आणि म्हणाले, “ताई, असा साग आता पैसे देऊन मिळत नाही.” मग सांधे दाखवले. एका फळीला भोक, दुसरीला त्यात बसणारी जीभ, आणि आरपार बांबूची खिळी. कुठेही स्क्रू नाही, लोखंड फक्त बिजागऱ्यांना. पॉलिशचं काम दिवाळीनंतरच करू, असं तेच म्हणाले. लाखेचं पॉलिश पावसाळ्यात केलं की दमट हवेनं पांढरट पडतं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्यानं हात फिरवत फिरवत दहा-बारा वेळा चढवायची. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांनी केलेली ती लाख. ते इतकं जीव लावून सांगत होते की ऐकणाऱ्याला त्यांच्याविषयी खात्रीच वाटावी.

मी त्यांना म्हणाले, “डाग तेवढे काढा.”

माझ्या डोळ्यांसमोर वरच्या फळीवरचे समईच्या तेलाचे काळे गोल होते. दुसरं काही माझ्या मनातही आलं नाही. रेघ हा डाग आहे, असं आमच्या घरात कधी कुणी म्हटलंच नव्हतं. लहानपणी सुट्टीत गेलं की त्या रेघेशी उंची मोजायची. मान वर करून बघावी लागायची तेव्हा पाणी आपल्या डोक्यावरून गेलं असतं, हे अंगावर काटा आणणारं गणित आम्ही सगळ्या मावसभावंडांनी केलेलं. ज्या वर्षी रेघ हनुवटीशी आली, त्या वर्षी मी नववीत होते. पाणी ओसरल्यावर गाळ लाकडाच्या रंध्रांत बसला होता, बिजागऱ्यांच्या लोखंडानं सागातलं टॅनिन काळं केलं होतं, आणि आजीनं कितीदा पुसलं तरी ते गेलं नव्हतं. हे सगळं मिस्त्रींना कसं माहीत असणार? आणि मला माहीत होतं, तर तोंडानं एक वाक्य का निघालं नाही?

बँकेत तासाभराचं काम होतं. परत आले तेव्हा फाटकापासूनच सागाचा तो चामड्यासारखा वास आला. मोगऱ्याच्या पानांवर तांबूस भुसा बसला होता. दोन्ही दारं काढून बाकावर आडवी ठेवलेली, आणि ती टोकापासून टोकापर्यंत एकाच रंगाची. मिस्त्री अभिमानानं म्हणाले, “बघा ताई, नवं दिसतंय की नाही? खालचं फार काळं झालं होतं.”

मी तारीख शोधत दारावरून हात फिरवला. लाकूड रेशमासारखं गुळगुळीत लागत होतं. जिथे 61 कोरलेलं होतं तिथे नखालाही काही लागेना. मी रडले नाही, ओरडले मात्र. बाजूला ठेवायचं होतं, विचारायचं होतं, तारीख कुणी उगाच कोरतं का, असं बरंच बोलले. मिस्त्रींनी मशीनची वायर गुंडाळली आणि हळू आवाजात म्हणाले, “तुम्हीच म्हणालात, डाग काढा.” मग म्हणाले, “आकडे दिसले होते. वाटलं, कुणा पोरानं खरडलंय.”

या वाक्यावर मी किती रात्री घालवल्या असतील. आकडे दिसूनही विचारलं नाही, याचा राग. त्यांचं म्हणणं खरं होतं, त्याचा त्याहून जास्त. हातानं काचपेपर मारला असता तर लाकूड हळूहळू उतरलं असतं, मधेच थांबता आलं असतं, मी परत येईपर्यंत अर्धं काम उरलं असतं. जुन्या वस्तूवर पहिल्याच दिवशी मशीन लावू देऊ नये, असं माझं ठाम मत झालंय. त्याला दुसरंही कारण आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधी रंगवलेलं दार किंवा पाळणा कोरडा घासला की ती धूळ घरातल्या मुलांच्या छातीत जाते. ओलं करून घासावं, धूळ रोखणारा मास्क लावावा. आणि काम सुरू व्हायच्या आधी वस्तूच्या चारही बाजूंचे फोटो काढावेत. माझ्याकडे त्या रेघेचा एकही फोटो नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले, तेव्हा त्यांनी आदल्या दिवशीचा भुसा डब्यात जपून ठेवलेला दिसला. फेविकॉलमध्ये कालवून तोच ते लाकडातल्या बारीक भोकांत भरत होते. त्याच लाकडाचा भुसा असला की रंग जुळतो, म्हणाले. मी बघत राहिले. मोडतोडीनंतरचं काम त्यांनी मन लावून, पैसे न वाढवता केलं. मजुरी देताना मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही.

आईला सांगायचा धीर तीन दिवस झाला नाही. ती तेव्हा भावाकडे होती. पुरात ती नऊ वर्षांची होती, म्हणजे त्या रेघेवर सगळ्यांत जास्त हक्क तिचा. घरी आली, कपाटासमोर उभी राहिली, दार उघडून मिटून पाहिलं. मी माफी मागायला सुरुवात केली तशी म्हणाली, “गेली ते बरं झालं. मला ती कधी बघवली नाही.”

मग जे तिनं आजवर सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. खडकवासल्याचंही धरण फुटल्याची आरोळी उठली, लकडी पूल पाण्याखाली गेला, तशी घरातली सगळी माळ्यावर चढली. खाली मागच्या अंगणात गोठा होता. गाय बांधलेली होती. सोडायला कुणाला सुचलंच नाही, आणि सुचलं तेव्हा पाणी जिन्याच्या सहाव्या पायरीला लागलं होतं. “बाबांनी तारीख कोरली. मला मात्र रेघ दिसली की तिचं हंबरणं ऐकू यायचं,” आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

म्हणजे मी ज्यांच्या वतीनं भांडले, त्यांतल्या एकीला ती रेघ नकोच होती. तरी माझी हळहळ काही कमी झाली नाही. उलट आता ती कुणापुढे बोलूनही दाखवता येत नाही.

कपाट मागच्या दाराशी ठेवलंय. खालच्या कप्प्यांत खुरपी, झारी, बियांचे डबे. वर आईची औषधं आणि पुस्तकं. मार्चमध्ये दारांच्या आतल्या बाजूला आजीनं चिकटवलेले वर्तमानपत्राचे पिवळे कागद मी ओल्या फडक्यानं सोडवले. मशीन तिथपर्यंत पोचलंच नव्हतं. कागदाखाली, 4 फूट 2 इंचांवर, फिकट पण सरळ, रेघ होती.

मी आईला हाक मारली नाही. पण औषधं घ्यायला तिनं दार उघडलंच. संध्याकाळी पाहिलं तर तिनं आतून खिळा ठोकून कालनिर्णय बरोबर त्या जागेवर टांगलं होतं. तिथेच आहे ते अजून. दुधाचा हिशेब तिच्या अक्षरात त्यावर चालू असतो, आणि दर महिन्याला पान मीच उलटते.