पालावरची गृहचौकशी

आमची जिल्हा परिषदेची शाळा करवीर तालुक्यातली, पंचगंगेपासून हाकेच्या अंतरावर. शाळेपलीकडच्या गायरानात फासेपारध्यांची पालं आहेत. तिथली एक मुलगी पाचवीला माझ्या वर्गात होती. अक्षर सुरेख, पाढे तोंडपाठ, पण घरात कुणाकडेच जातीचा दाखला नव्हता. त्यामुळे अनुसूचित जमातीची शिष्यवृत्ती नाही आणि शबरी घरकुल योजनेत वडिलांचा अर्जही नाही.

त्या हिवाळ्यात नदीकाठच्या शेतीपंपांची केबल चोरीला गेली. पोलीस थेट पालावर आले आणि तिच्या वडिलांना घेऊन गेले. चोरी झाली त्या रात्री ते गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालत होते. गुऱ्हाळमालक स्वतः ठाण्यात जाऊन तसं सांगून आला, तेव्हा कुठे त्यांना सोडलं. पोरगी मात्र शाळेत यायची बंद झाली. मी पालावर गेले, तर तिची आई म्हणाली, "बाई, वर्गातली पोरं तिला चोरट्याची म्हणत्यात. कशाला यावं तिनं?"

दुसऱ्या दिवशी मी गणिताचा तास बाजूला ठेवला. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, हे पोरांना सांगितलं. पोलिसांपुढे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 मध्ये हजेरीची पद्धत बंद केली आणि ज्यांना लोक चोर म्हणत त्या फासेपारध्यांना पहाऱ्यावर नेमलं. बाकीच्या देशात या जमातींची कायद्याच्या जाचातून सुटका व्हायला 31 ऑगस्ट 1952 उजाडावा लागला. "राजा ज्यांच्या पहाऱ्यात निर्धास्त झोपायचा, त्यांच्या नातवंडांना आपण चोर म्हणायचं?" असं विचारल्यावर वर्ग गप्प झाला. मधल्या सुट्टीत दोघी मैत्रिणी आपणहून तिला बोलवायला गेल्या.

दाखल्याचं काम मात्र एका तासाचं नव्हतं. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. ज्यांचं बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर होतं, त्यांनी सातबारा आणि जन्माची नोंद कुठून आणायची? आजोबांचा सख्खा भाऊ लहानपणी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये होता, एवढं आजीला आठवत होतं. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायची ती वसाहत. मुलीचे वडील आणि मी सोलापूरला गेलो. तिथल्या एका जुन्या शाळेच्या रजिस्टरात 1944 ची नोंद सापडली. कागद पिवळा पडलेला, कडा झिजलेल्या, पण नाव, बापाचं नाव आणि जात स्वच्छ लिहिलेली. वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला ती तीनदा वाचायला लावली.

पुढे तलाठी आणि मंडल अधिकारी गृहचौकशीला पालावर आले. त्यांनी वंशावळ लिहून घेतली, शेजारच्या म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, चालीरीती विचारल्या. तलाठी तरुण होता. आजीने अंथरलेल्या वाकळेवर बसून त्याने सगळं शांतपणे लिहिलं. सरकार दारात येतं ते फक्त झडतीला, असा अनुभव असलेल्या माणसांना त्या दिवसाचं केवढं अप्रूप वाटलं! दाखला हातात आला तेव्हा मुलगी सातवीत गेली होती.

आपल्याकडे या लोकांसाठी काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. फासेपारधी अनुसूचित जमातीत असल्याने 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा त्यांच्या पाठीशी आहे. कंजारभाट, रामोशी हे विमुक्त जातींत मोडतात, त्यांना तेवढंही कवच नाही, आणि हा मला सरळ अन्याय वाटतो. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलीतून विमुक्तांना सराईत गुन्हेगार मानणारे उल्लेख काढायला सांगितले. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षं ते उल्लेख छापील नियमांत तसेच होते.

माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना एकच विनंती आहे. जूनमध्ये पालावरचं मूल दाखल होईल, तेव्हा रजिस्टरातला जातीचा रकाना कोरा सोडू नका आणि नुसतं 'हिंदू' लिहून मोकळे होऊ नका. घरच्यांना विचारून जमातीचं पूर्ण नाव लिहा. त्या मुलाच्या नातवंडांना पुरावा म्हणून तीच नोंद लागणार आहे.