इंदूर ते ग्वाल्हेर : आकाशातले अंतर आणि घड्याळातला वेळ

माळव्यातील मराठी घरांना ग्वाल्हेर कधी परके वाटले नाही. होळकरांचे इंदूर आणि शिंद्यांचे ग्वाल्हेर यांच्यात वैरे झाली, तहही झाले. सोयरिकी मात्र अखंड चालू राहिल्या. इंदूरच्या कितीतरी लेकी आज लष्कर भागात नांदत आहेत. म्हणूनच ही दोन शहरे एकमेकांपासून किती दूर, हा प्रश्न आपल्यापुरता केवळ भूगोलाचा उरत नाही.

पृथ्वीच्या गोलावर दोन्ही विमानतळांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सुमारे ४६५ किलोमीटर भरेल. वैमानिकांच्या सागरी मैलांत सांगायचे तर सुमारे २५०. देवास, शाजापूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी अशी गावे घेत जाणारा जुना मुंबई–आग्रा रस्ताही ५०० किलोमीटरच्या आसपासच आहे. म्हणजे आकाशमार्गाने अंतर फारसे वाचत नाही. वाचतो तो वेळ. दिवसाला २० किलोमीटरची मजल मारणाऱ्या लवाजम्याला याच वाटेवर पंचवीस दिवस लागले असते!

होळकर संस्थानाने १९३५ साली विमानतळाची जागा निवडण्यासाठी टाटांकडील नेव्हिल विन्सेंट यांचा सल्ला घेतला. पुढे जुलै १९४८ मध्ये इंदूरहून ग्वाल्हेर, दिल्ली व मुंबईकडे विमाने जाऊ लागली. आज एका विमानतळाला देवी अहिल्याबाईंचे, तर दुसऱ्याला राजमाता विजयाराजे यांचे नाव आहे.

पंख्याचे लहान विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने हा प्रवास ५६ मिनिटांचा. तथापि धावपट्टीपर्यंत सरकणे, वर चढणे, खाली उतरणे हे सारे धरले की सव्वा तास होतो. जेट विमान अधिक वेगवान खरे. परंतु एवढ्या थोड्या अंतरात त्याचा वेग पुरता कामी येत नाही.

खरा वेळ जातो तो जमिनीवर. घरापासून बिजासन टेकडीजवळच्या विमानतळापर्यंत पाऊण तास, तेथे तपासणी व प्रतीक्षा दीड-दोन तास, आणि महाराजपुऱ्याला उतरल्यावर सामान घेऊन लष्करातले घर गाठेपर्यंत आणखी तास. मिळून साडेचार-पाच तास! मोटारीने नऊ-दहा तास लागतात. आगगाडीत रात्र जाते. विमान सरसच ठरते. पण तिकिटावरच्या आकड्याइतके नव्हे.

आणि तेही थेट विमान असेल तरच. अशा लहान मार्गांवरची उड्डाणे प्रवासीसंख्येनुसार सुरू होतात, बंदही पडतात. दिल्लीमार्गे फेरा पडला, तर अर्धा दिवस सहज जातो. शिवाय पौष-माघात ग्वाल्हेरला दाट धुके उतरते आणि विमाने तासन्‌तास खोळंबतात.

वाचकहो, हा हिशेब कोरडा वाटेल. परंतु आजारी आईचा निरोप येतो, तेव्हा नेमका हाच हिशेब उपयोगी पडतो. अशा वेळी वेगाची जाहिरात पाहू नये; आपल्या उंबरठ्यापासून तिच्या उंबरठ्यापर्यंतचे तास मोजावेत. थंडीत रात्रीची आगगाडी पहाटे पोहोचवीत असेल, तर दुपारच्या विमानाची वाट पाहत बसू नये. माणसे जवळ आहेत की दूर, हे किलोमीटर ठरवीत नाहीत. वेळेवर पोहोचणे ठरविते.