हजेरी

अळणावर हे आमचे गाव धारवाडहून सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर, मलनाडाच्या उंबरठ्यावर वसलेले आहे. एका अंगास धारवाडकडील मोकळा मुलूख, दुसऱ्या अंगास लोंढ्याकडील रान आणि मध्ये भाताची शेते. दांडेलीच्या जंगलातील लाकूड ज्या रेल्वेफाट्याने बाहेर पडले, तो फाटा येथेच मुख्य मार्गाला येऊन मिळतो. लाकडामागोमाग गावची मुलेही बाहेर पडली. प्रथम हुबळी, मग पुणे-बंगळूर आणि आता थेट टोकियो! मागे राहिली ती वडीलधारी मंडळी. असा अनुभव आपल्या अनेक वाचकांच्या घरी असेल, म्हणूनच हे चार शब्द लिहीत आहे.

माझा धाकटा बंधू गेली अठरा वर्षे टोकियोतील एडोगावा विभागात, निशी-कासाई या वस्तीत राहतो. २००० सालच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी गेलेले भारतीय तरुण येथे मोठ्या संख्येने स्थिरावले. मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. २०१९ साली याच एडोगावाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले, तेव्हा आपल्याकडील वृत्तपत्रांनीही त्याची दखल घेतली होती. २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत खात्याची रीतसर परवानगी काढून मी आईला तेथे पोहोचविण्यास गेलो आणि पाच आठवडे राहिलो. आईचे वय तेव्हा ७९ वर्षांचे होते.

आई पहाटे उठणारी. अळणावरात पाचाच्या सुमारास तिचा सडा पडतो. तेथे सातव्या मजल्यावर अंगण कोठून असणार? भाऊ व भावजय कामावर, मुले शाळेत. पहिले चार दिवस ती खिडकीपाशी बसून राहिली. पाचव्या दिवशी मी तिला जवळच्या बागेत घेऊन गेलो. बरोबर साडेसहाला एका लहानशा रेडिओतून पियानोचे सूर निघाले आणि वीस-पंचवीस वृद्ध स्त्रीपुरुष कवायतीस उभे राहिले. ही रेडिओ-कवायत १९२८ साली सुरू झाली. युद्धोत्तर काळातील खंड सोडला तर ती आजतागायत चालू आहे. दहा मिनिटांचा खेळ. पण त्यासाठी म्हातारी माणसे वेळेवर उठतात, स्वच्छ कपडे करतात, एकमेकांना वाकून नमस्कार करतात.

दुसऱ्या आठवड्यात आई पदर खोचून शेवटच्या रांगेत उभी राहिली. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, पण समोरच्याचा हात वर गेला की आपला वर न्यावा, एवढे समजण्यास भाषा लागत नाही. पुढे कमरेत वाकलेल्या एक बाई दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कवायत आटोपताच दोघीजणी त्यांच्या घराच्या दिशेने निघाल्या. आई मला म्हणाली, “अण्णा, यांचीसुद्धा तुझ्या शाळेसारखी हजेरी असते की रे!”

तो शब्द माझ्या मनात रुतून बसला. जपानात दर शंभरांत सुमारे एकोणतीस माणसे ६५ वर्षांवरील आहेत. १९६३ साली तेथे शंभरी गाठलेल्यांची प्रथम मोजणी झाली, तेव्हा ती १५३ भरली होती. २०२४ मध्ये हाच आकडा ९५ हजारांच्या वर गेला. शंभरी गाठणाऱ्यास सरकार चांदीचा पेला देत असे. मानकरी इतके वाढले की २०१६ पासून चांदीच्या जागी चांदीचा मुलामा आला!

वयाचे कौतुक मात्र आपल्यासारखेच. आपल्याकडे प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरे, तसे त्यांचेही साठ वर्षांचे चक्र. आपण षष्ट्यब्दिपूर्तीची शांत करतो. ते साठीच्या माणसाला तांबडी टोपी व तांबडी बंडी घालून पुन्हा बाळ झाल्याचे मानतात. आपले सहस्रचंद्रदर्शन एक्याऐंशीच्या आसपास. त्यांचा मोठा सोहळा अठ्ठ्याऐंशीला. तांदूळ या अर्थाचे त्यांचे अक्षर सोडविले असता आठ, दहा, आठ असे आकडे निघतात, म्हणून ते वय तांदळाचे! भाताच्या गावातून आलेल्या आईला ही गोष्ट फार आवडली.

परंतु सोहळ्याने रोजचा दिवस सरत नाही, हे त्या लोकांनी ओळखले आहे. एप्रिल २००० पासून तेथे वृद्धांच्या शुश्रूषेचा विमा आहे आणि चाळिशीपासून प्रत्येकास त्याची वर्गणी भरावी लागते. वस्तीवस्तीत बिनपगारी समाजसेवक नेमलेले असून ते एकट्या वृद्धांची विचारपूस करतात. याकुल्ट नावाचे दुधाचे पेय घरोघर पोहोचविणाऱ्या स्त्रियादेखील १९७२ पासून हे काम करीत आल्या आहेत. इतके असूनही, घरी एकट्याने मृत्यू आल्याची ७६ हजार प्रकरणे २०२४ साली पोलिसांकडे नोंदली गेली. त्यांतील तीन-चतुर्थांशांहून अधिक माणसे पासष्टीच्या पुढची होती. हजेरी घेणारे जेथे इतके, तेथेही इतकी नावे सुटतात! मग जेथे कोणी हजेरीच घेत नाही, तेथे काय होत असेल?

आईने तेथेच राहावे, अशी भावाची फार इच्छा होती. परंतु नातलगांच्या भेटीसाठी मिळणारा परवाना बहुधा ९० दिवसांचाच असतो. उच्च कौशल्याच्या नोकरदारास आईवडील आणता येतात, तेही सात वर्षांखालील मूल सांभाळण्यासाठी आणि काही अटींवर. नातवंडे मोठी झाली की आजीची गरज संपली, असेच जणू कायद्याचे म्हणणे! भाऊ खिन्न झाला. आई हसून म्हणाली, “अरे, सरकार माझ्याच बाजूचं आहे बघ. नव्वद दिवस झाले, आता घरी जा म्हणतंय.” मग जरा थांबून म्हणाली, “तुमच्याकडे मला काही कमी नाही रे. पण दिवसभर मी आहे की नाही, हे इथं फक्त त्या बागेला ठाऊक.”

सुट्टी संपताच मी परतलो. मुदत भरल्यावर भाऊ तिला अळणावरास सोडून गेला. येथे तरी सारे आलबेल आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. आमच्या गल्लीत तीन घरांना कुलपे आहेत आणि चार घरांत एकेकटी म्हातारी माणसे राहतात. मुलांचे पैसे वेळेवर येतात, रविवारी दूरध्वनी येतो. मात्र सोमवारपासून शनिवारपर्यंतचे सहा दिवस त्या माणसांनी कोणासाठी उठावे? पूर्वी ही हजेरी आपोआप लागत असे. आडावर, देवळात, गिरणीत, दूधवाल्याच्या हाकेत ती लागे. नळ घरात आला, पीठ पिशवीत आले, दूधही पिशवीत आले. सोय झाली खरी, पण हाका मारणारी माणसे कमी झाली.

आईने परतल्यावर एक क्रम धरला आहे. सडा-रांगोळी आटोपली की ती त्या चारही दारांवरून एक फेरी मारते. शेजारच्या कानडी आजीबाईंना “चहा आतेन्री?” म्हणून विचारते, पुढच्या घरी मराठीत तेच विचारते. उत्तर आले की पुढे जाते. नाही आले तर कडी वाजविते. फेरीला अर्धा तासही लागत नाही. गेल्या पावसाळ्यात एका आजोबांचे उत्तर आले नाही. दार लोटून पाहिले तर ते तापाने निपचित पडले होते. वेळीच दवाखान्यात नेल्यामुळे ते बरे झाले आणि आता आईच्या आधी तेच दारात येऊन उभे राहतात.

यासाठी कायदा नको, वर्गणी नको, संस्थाही नको. आपली माणसे गावोगाव विखुरलेली आहेत. जेथे दोन-चार घरे असतील तेथे कोणीतरी, विशेषतः नुकत्याच निवृत्त झालेल्यांनी, ही सकाळची फेरी पत्करावी. कोणत्या भाषेचे दार आहे हे पाहू नये. दूर असलेल्या मुलांनीही पैशांबरोबर एवढे विचारावे की, “आज तुमच्याकडे कोण आले होते?” तीन वर्षांनी मी शाळेची हजेरीपुस्तके दुसऱ्याच्या हाती देईन. आईच्या फेरीतले एखादे दार तेव्हा माझ्याकडे यावे, असे मी तिला आताच सांगून ठेवले आहे.