घर दाखवायचं म्हणजे…

बाई गं, त्यापेक्षा मुलगी दाखवणं परवडलं! २०१४ साली पालघर जिल्हा झाला, मुख्यालयाच्या इमारती आमच्या कोळगावात उभ्या राहिल्या, आणि जुन्या घरालाही गिऱ्हाइकं येऊ लागली. जळमटं काढली, मोरी सोड्याने घासली, चुन्यात चिमूटभर नीळ घालून भिंती पांढऱ्याशुभ्र केल्या. मागच्या भिंतीची ओल तेवढी दर पावसाळ्यात चुन्यातूनही वर येते. हे म्हणाले, "कपाट सरकव पुढे." सरकवलं. पण आलेल्या बाईंच्या कडेवर वर्षाचं मूल, तेही खोकत होतं. मीच कपाट बाजूला ओढलं. भाव उतरला. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

चौकटीवरच्या मुलांच्या उंचीच्या खुणा मात्र मी मुद्दामच पुसल्या नव्हत्या. बाईंनी त्यावरून हात फिरवत विचारलं, "ही धाकटी का हो?"